किती वॉटचा आहे हो?

लाऊडस्पीकर भाड्याने ठरवायला गेलेला मराठी माणूस पहिला प्रश्न विचारतो तो वॉटचा. दुसरा, "बेस किती?" आणि तिसरा, "फायनल सांगा." आवाज कसा आहे, हे कुणी विचारत नाही. आवाज आहे, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान असतं. ज्यांचं नसतं, ते कार्यक्रमाला आलेले नसतात; ते शेजारच्या इमारतीत खिडक्या लावून बसलेले असतात.

हा व्यवहार वर्षानुवर्षं 'दोन बेस दोन टॉप' किंवा 'चार बेस चार टॉप' अशा सुटसुटीत भाषेत चालत आला. मंडळाचा खजिनदार तेवढंच बोलतो, साउंडवाले मामा वहीत तेवढंच लिहितात आणि दहा दिवस परिसर हादरतो. अलीकडे मात्र या वहीत 'लाइन ॲरे' शिरला आहे. स्टेजच्या दोन्ही बाजूंना, उंचावरून, केळीच्या घडासारख्या किंचित वाकलेल्या काळ्या पेट्यांच्या माळा लटकतात, तो हा प्रकार. फ्रान्स, जर्मनी किंवा अमेरिकेतल्या नामांकित कंपनीची अशी एक पेटी काही लाखांना पडते. एका बाजूला आठ, दहा, बारा पेट्या. दुसऱ्या बाजूला तेवढ्याच. जमिनीवरचे बेस वेगळे, ॲम्प्लिफायर वेगळे, टांगायचं सामान वेगळं. एकूण आकड्यात तालुक्याच्या गावी बंगला होतो. शिवाय बंगल्याला जनरेटर लागत नाही, टेम्पो लागत नाही, आणि पावसाचे चार थेंब पडले की त्याच्यावर ताडपत्री टाकायला पोरं धावत नाहीत.

तेव्हा शंका रास्त आहे. या पेट्यांत एवढं असतं तरी काय? की पाटी काढली की आत आपल्या पुण्यातल्या तपकीर गल्लीतलाच माल?

आधी वॉटचा हिशेब मिटवू, कारण सगळ्या गैरसमजांची गंगोत्री तिथे आहे. १९९० च्या दशकात ज्यांनी घरी 'म्युझिक सिस्टिम' आणली त्यांना खोक्यावरची 'पीएमपीओ' ही चार अक्षरं आठवत असतील. तीन किलोचा प्लॅस्टिकचा डबा, त्यावर सोनेरी अक्षरांत '१००० वॉट पीएमपीओ'. त्याच सॉकेटवर साडेसातशे वॉटची इस्त्री लावली तर घरातला दिवा मिणमिणायचा. हा हजार वॉटचा डबा लावला तर शेजारच्या खोलीत झोपलेले आजोबा कूससुद्धा बदलायचे नाहीत. डबा पालथा केला की मागे बारीक अक्षरांत खरा विजेचा खप लिहिलेला असायचा: तीस वॉट वगैरे. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धतच नव्हती. ज्या कंपनीला जेवढे वॉट हवे तेवढे तिने छापले. त्या काळात एक अख्खी पिढी वॉटवर विश्वास ठेवायला शिकली आणि पुढे तीच पिढी मंडळांची खजिनदार झाली.

खऱ्या वॉटांची कथा आणखी निराशाजनक आहे. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. एवढा फरक कान देऊन ऐकणाऱ्याला कळतो, नाचणाऱ्याला कळत नाही. कानाला 'दुप्पट झाला बुवा' असं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. त्यातही स्पीकरला दिलेल्या शंभर वॉटांपैकी नव्वदहून अधिक वॉटांची नुसती उष्णता होते. आवाज होतो तो उरलेल्या चिल्लरचा. तरीही आपण दणकतो, यावरून कानाची क्षमता केवढी आहे बघा.

मग येतं अंतर. उघड्या मैदानात एकट्या स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. हा हिशेब शेवटपर्यंत नेला तर असं निघतं की एका मीटरवर एका वॉटला जेवढा आवाज मिळतो, तेवढाच ३२ मीटरवर पोचवायला हजार वॉट लागतात. ३२ मीटर म्हणजे शाळेच्या मैदानातली साधारण तिसावी रांग. तिथले काका जेव्हा उभे राहून "आवाज येत नाहीय!" असं ओरडतात, तेव्हा त्यांच्या वाट्याला एक वॉट आलेला असतो, आणि पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसलेले प्रमुख पाहुणे उरलेले नऊशे नव्याण्णव हसतमुखाने सोसत असतात. काकांसाठी आवाज वाढवला की काका खाली बसतात आणि पाहुणे उठतात. सोफ्यावर बसण्याचा मान आपल्याकडे इतक्या लोकांना नकोसा का वाटतो, आणि 'नाही नाही, मी इथे मागेच बरा आहे' या नम्रतेचं मूळ कशात आहे, यावर कुणी संशोधन करायला हरकत नाही.

महागड्या पेट्यांचा जन्म नेमका या तिसाव्या रांगेतल्या काकांसाठी झाला. पण तिथवर पोचायला जगाला बराच वेळ लागला. कॅलिफोर्नियातल्या नापा गावी पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी १९१५ साली कर्ण्याला मायक्रोफोन जोडला, तेव्हा पहिल्यांदा निघाली ती कानठळ्या बसवणारी शिट्टी, असं सांगतात. म्हणजे 'हॅलो, माइक टेस्टिंग'च्या आधी शिट्टी आली. आपल्या सभागृहांनी ही परंपरा किती निष्ठेने जपली आहे! पुढे त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर हजारोंच्या गर्दीला आपल्या कर्ण्यातून कार्यक्रम ऐकवला. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १५ ऑगस्ट १९६५ रोजी, बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांहून अधिक लोकांसमोर उभे राहिले. त्यांच्यासाठी खास शंभर वॉटचे ॲम्प्लिफायर बनवून घेतले होते आणि गायन पोचवायला स्टेडियमचे भोंगे होते, बेसबॉलच्या खेळाडूंची नावं पुकारायचे तेच. आपल्याकडे त्या सकाळी ध्वजवंदनाला याहून बरी व्यवस्था असणार. पोरींच्या किंकाळ्यांपुढे बीटल्सना स्वतःचंच गाणं ऐकू येईना. वर्षभराने त्यांनी दौरेच बंद केले.

याचा सूड अमेरिकेतल्याच 'ग्रेटफुल डेड' या बँडने १९७४ साली उगवला. त्यांनी स्टेजच्या मागे स्पीकरची अक्षरशः भिंत उभी केली; तिचं नावच 'वॉल ऑफ साउंड'. सगळा पसारा सुमारे ७५ टनांचा. वाजवणाऱ्याच्या पाठीमागेच स्पीकर, त्यामुळे माइकमध्ये तोच आवाज शिरून शिट्टी व्हायची. त्यावर तोडगा म्हणून प्रत्येक गायकापुढे उलटसुलट जोडलेले दोन माइक ठेवले: गायचं एकात, आणि दोन्हींत सारखा शिरलेला भिंतीचा आवाज एकमेकांना खाऊन टाकायचा. आवाज अतिशय स्वच्छ होता, असं ऐकणारे अजून सांगतात. पण एका गावी कार्यक्रम चालू असताना पुढच्या गावी मचाण बांधायला दुसरी टोळी पाठवावी लागे. त्याच वर्षी ऑक्टोबरात बँडने दौरे थांबवले. कारणांमध्ये या भिंतीचा खर्चही होता. आपल्या विसर्जन मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती उभारणाऱ्या कार्यकर्त्यांनी यातून एवढंच उचललं की भिंत उभारता येते.

खरा उलगडा केला तो क्रिस्तियां एल या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने. त्याच्या एल-अकूस्टिक्स कंपनीने १९९२ साली 'व्ही-डॉस्क' ही रचना बाजारात आणली आणि आजच्या सगळ्या लटकणाऱ्या माळा तिच्याच वंशातल्या. कल्पना अशी, की पेट्या एकीखाली एक जोडल्या की त्यांच्या लाटा एकमेकींत मिसळून एकच उंच लाट व्हावी. तशी ती झाली तर अंतर दुप्पट झाल्यावर आवाज ६ ऐवजी ३ डेसिबलनेच उतरतो, निदान काही अंतरापर्यंत. खर्जाच्या बाबतीत हे सोपं, कारण खर्जाची लाट कित्येक मीटर लांब असते. गोची बारीक आवाजांची. १०,००० हर्ट्झची लाट जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. त्या मापात स्पीकर एकमेकांना चिकटवून बसवणं अशक्य. मग लाटा मिसळण्याऐवजी भांडतात आणि एका खुर्चीवर झांज ऐकू येते, शेजारच्या खुर्चीवर गायब. एलने आवाजाच्या वाटेत अशी नळी घातली की सगळा आवाज चपटा होऊन एका फटीतून एकाच वेळी बाहेर पडावा. मग पेट्या भांडायच्या थांबल्या.

त्यावर माळेची ती वाकण. वरच्या पेट्या लांबच्या रांगांकडे रोखलेल्या, खालच्या जवळच्या रांगांकडे, आणि दोन पेट्यांमधला कोन अंशाच्या अपूर्णांकापर्यंत संगणकावर काढलेला. नीट बांधलेली माळ असेल तर पहिल्या आणि शेवटच्या रांगेत फार फरक राहत नाही.

म्हणजे एवढे लाख मोजून मिळालं काय, तर पहिल्या रांगेतला आवाज कमी झाला. हे खजिनदाराला समजावून सांगायची माझी तरी छाती नाही.

आणखीही काही मिळतं. स्वस्त स्पीकरची वॉइस कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तापली की तिचा विजेला होणारा विरोध वाढतो आणि आवाज बसतो. आरतीला खणखणीत असलेला स्पीकर तासाभराने भाषणांना मरगळतो, ऑपरेटर आवाज वाढवतो, कॉइल आणखी तापते, आणि आभार प्रदर्शनाच्या सुमारास जळका वास येतो. (आभार प्रदर्शन वाचवायला अनेकदा याच वासाचा उपयोग झाला आहे.) महागड्या पेटीत ही उष्णता बाहेर काढायची सोय विचारपूर्वक केलेली असते. टांगण्याचंही तेच. एल-अकूस्टिक्सची के-१ ही एक पेटी १०६ किलोची. अशा बारा म्हणजे सव्वा टनाहून जास्त वजन माणसांच्या आसपास हवेत. त्याचे आकडे, साखळ्या, खिळी सगळं तपासून प्रमाणित केलेलं असतं, आणि त्याचे पैसे किमतीत असतात. आपल्याकडे हा खर्च सुतळी आणि बांबूमध्ये भागवतात.

आता आपल्या बाजारातली खरी अडचण. लाइन ॲरे बाहेरून फार सोपा दिसतो. काळी पेटी, पुढे जाळी, बाजूला दोन पट्ट्या. आपल्याकडचा सुतार फोटोवरून देव्हारा करतो, त्याला ही पेटी काय अवघड? तो ती हुबेहूब करतो. पुढची जाळी तर मूळ पेटीपेक्षा सुबक असते. ती चपटी नळी मात्र फोटोत दिसत नाही, त्यामुळे पेटीतही येत नाही. वर बजेट कमी असलं तर एका बाजूला दोनच पेट्या टांगून त्याला लाइन ॲरे म्हणतात. माळ जेवढी उंच तेवढंच तिचं गणित खालच्या सुरांपर्यंत चालतं. दोन पेट्यांची कसली आलीय माळ? एरवी दोन माणसांची रांग आपण रांग मानत नाही, सरळ मध्ये घुसतो.

खरी महागडी माळ आणली तरी ती लावायची कुठे, हा प्रश्न उरतोच. बहुउद्देशीय सभागृह नावाची वास्तू सगळ्या उद्देशांना उपयोगी पडते, ऐकणं सोडून. खाली चकचकीत फरशी, बाजूला काच, वर पत्रा. एकदा उच्चारलेलं वाक्य तिथे तीन-तीन सेकंद फिरत राहतं. शब्द कळतात ते व्यंजनांमुळे, आणि मागून फिरत आलेले दणकट स्वर पहिला बळी घेतात तो व्यंजनांचा. प्रमुख पाहुणे अर्धा तास बोलतात, श्रोत्यांपर्यंत आ, ओ, ई पोचतात. टाळ्या बरोबर पडतात, कारण पाहुणे थांबलेले दिसतात. चांगला स्पीकर आवाज छताकडे न पाठवता माणसांकडे पाठवतो, त्यामुळे थोडं सुधारतं. पण जाड पडदे लावले आणि सतरंज्या पसरल्या तर त्याच्या शतांश खर्चात बरंच सुधारतं. ते होत नाही, कारण पडद्यावर 'सौजन्य' लिहिलेलं शोभत नाही.

आणि मग मिक्सरवरचा माणूस. तो खरं तर श्रोत्यांच्या मधोमध बसायला हवा, म्हणजे श्रोत्यांना जे ऐकू येतं ते त्यालाही येईल. ती जागा व्हिडिओवाल्याने किंवा प्रायोजकाच्या टेबलाने घेतलेली असते. ऑपरेटर विंगेत, पडद्याआड, चहाच्या थर्मासशेजारी. तिथे त्याला फक्त पंखा ऐकू येतो. त्यावर सूचना देणारे अनंत: सेक्रेटरी, सेक्रेटरींच्या सौ., गायिकेचे यजमान, आणि "मी कॉलेजात असताना बँडमध्ये होतो" असा एक जण, जो प्रत्येक कार्यक्रमाला असतोच. स्टेजवरून वेगळ्या खुणा. गायक तान घेता घेता बोट वर करतो, रसिक 'वा!' म्हणतात, तो बिचारा मॉनिटर, म्हणजे त्याला स्वतःला ऐकू येणारा स्पीकर, वाढवायला सांगत असतो. त्याचा वाढवला की तबलजी भुवया उडवतो, त्याचा वाढवला की हार्मोनियमवाले मान हलवतात. सगळ्यांचे मॉनिटर वाढले की १९१५ सालची ती शिट्टी येते. मग सगळं सभागृह मागे वळून ऑपरेटरकडे बघतं.

हा माणूस चांगला असेल तर साध्या दोन पेट्यांतून जोड तंबोऱ्याचा झंकार वेगळा काढून देतो. तो नसेल तर के-१ मधूनही पत्र्यावर गारा पडल्याचा भास होतो. तरीही कोटेशनमध्ये पेट्यांचे लाख असतात आणि ऑपरेटर 'सामानासोबत'.

जुने लोक म्हणतात, स्पीकर हवाच कशाला? १९२१ साली मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या 'संयुक्त मानापमान' नाटकाचा प्रयोग माइकशिवाय झाला आणि मागच्यांनाही ऐकू गेला. खरं आहे. मुंबईतल्याच एनसीपीए या कलासंस्थेचं १९८० साली उघडलेलं टाटा थिएटरही याच हेतूने बांधलं. ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी हजारेक श्रोत्यांना ध्वनिवर्धकाची गरज भासू नये अशी त्याची आखणी केली. पण त्यासाठी वास्तू तशी लागते, आणि गात असताना वेफर्सचं पाकीट न फोडणारे श्रोते लागतात. पहिली गोष्ट पैशाने मिळते.

भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या ठिकाणी, जिथे मांडवात हजारो माणसं बसतात आणि शेवटचा श्रोता मींड ऐकायला आलेला असतो, तिथे उत्तम स्पीकरचा एकेक रुपया वसूल होतो. तिथे त्याचं काम आवाज मोठा करणं हे नसतंच. स्पीकर आहे हे विसरायला लावणं, हे काम. बाय द वे, रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद ठेवण्याच्या नियमामुळे तिथली रात्रभर चालणारी सत्रं गेली, पण दिवसाची सत्रं आली आणि दुपारचे राग लोकांना भर दुपारी ऐकायला मिळाले. लाऊडस्पीकरच्या कायद्याने शास्त्रीय संगीताची सेवा केल्याचं हे एक उदाहरण.

कायद्याचं म्हणाल तर २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. पंचावन्न म्हणजे दोन माणसांचं साधं बोलणं. इथेही महागडी सामग्री उपयोगी पडते. बेसचा आवाज लांब लाटांमुळे भिंतींना वळसा घालून मागे जातो, म्हणून गाणं ऐकू न येता नुसती धडधड शेजाऱ्यांकडे पोचते. आता बेसच्या पेट्यांपैकी काही उलट तोंडाच्या ठेवून, त्यांना हिशेबाने उशीर देऊन, मागचा आवाज मागच्या मागे मारता येतो. पुढे दणका, मागे शांतता. मी एका मंडळाच्या कार्यकर्त्याला हे उत्साहाने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मग मागच्या गल्लीतल्या मंडळाला कसं कळणार आपलं चालू आहे ते?"

तेव्हा निकाल असा. मैदानात चार-पाच हजार माणसं असतील, गाणं ऐकायला आलेली असतील आणि शेजारी माणसं राहत असतील, तर महागडे स्पीकर पैशाला पुरेपूर आहेत. भाड्याने घ्या, रोज वाजवायचे नसतील तर विकत घेऊ नका. तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात त्यांची गरज नाही, तिथे दोन चांगल्या पेट्या डोक्यांच्या वर येतील अशा उंच स्टँडवर ठेवा आणि उरलेल्या पैशात पडदे शिवा. वाढदिवसाला, बारशाला आणि सत्यनारायणाला काहीही नको. आणि मिरवणुकीत नाचायचं असेल तर जगातला सर्वांत महाग स्पीकर वाया आहे, तिथे सुताराचीच पेटी योग्य.

एक विनंती मात्र कुठल्याही कार्यक्रमाच्या आयोजकांना. मिक्सरवरच्या माणसाला श्रोत्यांच्या मधोमध खुर्ची द्या, त्याला सूचना करायला एकच माणूस नेमा, आणि पाहुण्यांची पानं मांडाल तेव्हा त्याचंही ताट पाठवा. कार्यक्रम संपल्यावर केबल गुंडाळता गुंडाळता त्याला साडेअकरा वाजतात, आणि तोवर मसालेभात संपलेला असतो.